रामपूरचा पक्षी व त्याचा भाऊबंद

सतलज नदीच्या डाव्या तीरावर, सिमल्याच्या पुढें सुमारें १३० किलोमीटर अंतरावर, रामपूर बुशहर नांवाचें गांव आहे. यात्रेकरूस तेथें थांबण्याचें विशेष कारण नाहीं. तो पुढें सराहनास भीमाकालीच्या दर्शनास जातो. हवा पालटण्यासाठीं निघालेल्यासही नाहीं. कारण गांव समुद्रसपाटीपासून अवघें हजार मीटर उंचीवर, दोहों बाजूंच्या डोंगरांच्या बेचक्यांत दडलेलें असून उन्हाळ्यांत तेथें चांगलेंच उकडतें. आम्ही तेथें गेलों तें एका पक्ष्यासाठीं. आणि तोही आम्हांस तेथें दिसेल अशा आशेनें नव्हे, तर १८६७ सालीं नोव्हेंबरच्या १३ तारखेस तो त्या खोऱ्यांत एकदां सांपडला होता म्हणून.

घरांतून प्रश्न आलाच. “अहो, पाखरूं तिथें दिसायचें नाहीं म्हणतां, आणि तरी दोन दिवस आगगाडींत बसून तिथें जायचें म्हणतां, हें कसें काय?” प्रश्न तर्कशुद्ध होता. भीमाकालीचें दर्शन प्रवासाच्या बेतांत घातल्यावर मात्र त्याचें उत्तर द्यावें लागलें नाहीं. आमचा पुतण्या दुर्बीण घेऊन बरोबर यावयास तयार झाला, आणि कार्तिकांत आम्ही तिघें वाईहून निघालों.

या पक्ष्याची कथा सांगण्याआधीं त्याच्या भाऊबंदाची ओळख करून देणें भाग आहे. धाकट्याची हकीकत थोरल्यावांचून समजावयाची नाहीं. आणि हा थोरला तर आपणां सर्वांच्या दारीं दर वर्षीं येऊन राहतो. पावसाळा ओसरूं लागला, भाद्रपद-आश्विनाचे दिवस आले, म्हणजे मेंदीच्या, अडुळशाच्या किंवा घाणेरीच्या दाट जाळींतून ‘चक्, चक्’ असा एक आवाज ऐकूं येऊं लागतो. जिभेनें टाळूवर टिचकी मारावी तसा. आवाज करणारा दिसत नाहीं. बराच वेळ न हलतां उभें राहिलें, तर पानांच्या आड एक लहानसा पक्षी या काटकीवरून त्या काटकीवर किडे टिपीत सरकतांना दिसतो. लांबी पांच-साडेपांच इंच, वजन सुमारें एक तोळा. पाठ किंचित् शेवाळी छटेची मातकट, पोट मळकट पांढरें, डोळ्यावर एक आंखूड फिकट भुंवई, चोंच सरळ व बारीक. अंगावर ठिपका नाहीं, पट्टा नाहीं, डोक्यावर तुरा नाहीं. वर्णन करावयास बसलें तर सारें नकारानेंच करावें लागतें.

इंग्रजींत यास ब्लिथचा रीड वॉर्ब्लर म्हणतात, मराठींत ब्लिथचा बोरू वटवट्या. एडवर्ड ब्लिथ हे १८४१ पासून कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक होते. त्यांनीं १८४९ सालीं या पक्ष्यास शास्त्रीय नांव दिलें. हा आपल्याकडे जन्मत नाहीं. त्याचें घरटें फिनलंडपासून सैबेरियापर्यंत व मध्य आशियांत. हिंवाळा मात्र तो भारतांत व लंकेंत काढतो, आणि चैत्र-वैशाखांत परत जातो. तोळाभर वजनाचें पाखरूं वर्षांतून दोनदां एवढी मजल मारतें, आणि येथें आल्यावर आपल्या कुंपणांतली चार हात जागा त्यास पुरते!

नांवांविषयीं येथें थोडें विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील; आयुष्यभर व्युत्पत्ति शिकविणाऱ्याची ही खोड आहे. बोरू म्हणजे पाणथळींत वाढणारें, पोकळ कांड्यांचें तेंच गवत, ज्याच्या लेखण्या तासून आमच्या पिढीनें बाराखडी गिरविली. या कुळांतील पुष्कळ पक्षी अशा गवतांत राहतात, म्हणून कुळास तें नांव. ब्लिथच्या पक्ष्यास मात्र बोरूशीं फारसें कर्तव्य नसतें. तो आमराईंत, बागेंत, कुंपणांत रमतो. शास्त्रीय नांवांत ही चूक झालेली नाहीं. तें नांव अक्रोसेफॅलस ड्युमेटोरम. पहिला शब्द ग्रीक, अर्थ ‘टोंकदार डोक्याचा’. दुसरा लॅटिन, अर्थ ‘झुडपांतला’. कुळांतील दुसऱ्या एका धिप्पाड पक्ष्याचें नांव स्टेंटोरियस. इलियड महाकाव्यांत स्टेंटॉर नांवाचा एक पुकारा करणारा आहे, त्याचा आवाज पन्नास माणसांच्या आवाजाइतका. हा पक्षी तळ्याकांठच्या बोरूंत बसून जो गलका करतो तो ऐकिला म्हणजे नांव ठेवणाराच्या रसिकतेची खात्री पटते. तिसरा अग्रिकोला, म्हणजे शेतकरी. तो भातखाचरांत आढळतो. आणि आमच्या रामपूरच्या पक्ष्याचें नांव ओरिनस, म्हणजे ‘पर्वतावरचा’. हें शेवटचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचा हिशेब पुढें व्हावयाचा आहे.

कालक्याहून सिमल्यास जाणारी लहान रुळांची गाडी १९०३ सालीं सुरू झाली. तिचें वर्णन इतक्यांनीं केलें आहे कीं आम्ही तें करीत नाहीं. सिमल्यापुढें मोटारीचा रस्ता ठियोगवरून नारकंड्यास चढतो. उंची सुमारें २,७०० मीटर. सफरचंदांच्या बागांची पानें झडलीं होतीं, आणि उत्तरेस हिमशिखरांची रांग स्वच्छ दिसत होती. तेथून रस्ता जो उतरूं लागतो तो थेट सतलजच्या पाण्यापर्यंत. तासा-दोन तासांत देवदार गेले, चीड आले, चीडही संपले आणि उघडे, खडकाळ, निवडुंगाचे उतार लागले. अंगावरील शाल घडी करून मांडीवर घ्यावी लागली. हाच जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दींत १८५० सालीं तो बांधावयास घेतला होता.

नदी प्रथम दृष्टीस पडली तेव्हां आमच्या हातून आपोआप नमस्कार घडला. ऋग्वेदांत विश्वामित्रानें जिला विपाशेसह हांक मारली ती शुतुद्री हीच, आणि महाभारतांत पुत्रशोकानें वेड्या झालेल्या वसिष्ठानें जींत उडी घेतली असतां जी शंभर वाटांनीं पळाली ती शतद्रूही हीच. एका ऋषीनें जिची विनवणी केली, दुसऱ्यास जिनें मरूं दिलें नाहीं, आणि दोघांचें परस्परांशीं हाडवैर! पुतण्यास हें सांगूं लागलों तेव्हां तो दुर्बिणींतून कांठावरील झुडपें पाहात होता. “काका, पाणी कमी वाटतें,” एवढेंच तो म्हणाला. तें खरें होतें. रामपूरच्या थोडें वर झाकडी येथें १,५०० मेगावॅटचें वीजगृह असून त्याचें पाणी नाथपा येथील बंधाऱ्यापासून २७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून येतें. तेंच पाणी पुढें दुसऱ्या बोगद्यानें खालच्या वीजगृहास नेलें आहे. हिंवाळ्यांत नदीचें पाणी पात्रांतून थोडें आणि डोंगराच्या पोटांतून फार वाहतें, असें गांवकरी म्हणतात.

रामपूर ही बुशहर संस्थानची राजधानी. गेल्या शतकांत बांधलेला पद्म-प्रासाद रस्त्यावरूनच दिसतो. त्याचें लांकडी काम पाहण्यासारखें आहे. आम्ही पोंचलों तेव्हां लवीची जत्रा भरली होती. ही दर वर्षीं ११ नोव्हेंबरपासून भरते. बुशहरचा राजा केहरीसिंग व तिबेट यांच्यामध्यें सतराव्या शतकांत व्यापाराचा करार झाला, तेव्हांपासूनची ही पेठ. लोंकर, पश्मिना, चिलगोजे, वाळविलेले जर्दाळू, पहाडी घोडे. आणि त्यांच्या जोडीस हल्लीं प्लॅस्टिकच्या बादल्याही. लोंकरीच्या एका दुकानदारानें आमची चौकशी केली. आम्हीं हेतु सांगितला. तो गृहस्थ कांहीं वेळ आमच्याकडे पाहात राहिला व म्हणाला, “मास्टरजी, वह चिड़िया तो डेढ़ सौ साल पहले मर गई!” मग त्यानें चहा मागविला. हिचें त्या दुकानांतून एक शाल घेणें झालें.

१८६७ च्या त्या नोव्हेंबरांतही ही जत्रा नुकतीच होऊन गेलेली किंवा चालू असावी, आणि तींतून वाट काढीत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा अडतीस वर्षांचा इंग्रज अधिकारी बंदूक घेऊन नदीच्या खोऱ्यांत हिंडत असावा. ह्यूम यांचें नांव आपल्या वाचकांस राष्ट्रीय सभेचे एक जनक म्हणून ठाऊक आहे. सभेचें पहिलें अधिवेशन पुण्यास व्हावयाचें होतें. तेथें पटकीची सांथ आल्यामुळें १८८५ च्या डिसेंबरांत तें मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें, आणि ७२ प्रतिनिधि जमले. संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभा जन्मली याचें आम्हांस नेहमींच बरें वाटत आलें आहे. परंतु १८६७ पासून १८७० पर्यंत हेच ह्यूम अंतर्गत जकातीचे आयुक्त होते. मिठावरील कर चुकवून कोणी चिमूटभर मीठही नेऊं नये म्हणून सरकारनें देशाच्या मधून जें कांटेरी कुंपण वाढविलें होतें, तें शेंकडों मैलांचें जिवंत कुंपण त्यांच्या देखरेखीखालीं होतें. १८७९ सालीं ती नाकेबंदी उठली, आणि आतां त्या कुंपणाचा मागमूस शोधून काढावा लागतो. ज्यानें माणसांसाठीं एवढें कुंपण राखिलें, त्याच्याच हातीं कुंपणांतल्या पाखराचा हा भाऊबंद लागावा हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ह्यूम यांचें खरें वेड पक्ष्यांचें. हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा त्यांच्याइतका मोठा संग्रह त्या काळीं दुसऱ्या कोणाजवळ नव्हता. पुढें एका चाकरानें त्यांच्या सिमल्याच्या घरांतील हस्तलिखितें रद्दी म्हणून बाजारांत विकलीं. पंचवीस वर्षांची टिपणें पुड्या बांधण्यास गेलीं! त्यांचें मन विटलें, आणि १८८५ सालीं ऐंशी हजारांवर नमुन्यांचा तो संग्रह त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. रामपूरचा पक्षीही त्याबरोबर गेला. आज तो लंडनच्या वायव्येस ट्रिंग नांवाच्या लहान गांवीं एका कप्प्यांत आहे.

ह्यूम यांनीं १८६९ सालीं त्यास प्रथम नांव दिलें, तें पर्णवटवट्यांच्या कुळांत घालून. त्या नांवाचा अर्थ ‘मोठ्या चोंचीचा’. दोन वर्षांनीं त्यांनींच त्यास तेथून काढून बोरू वटवट्यांत आणलें. मग असें आढळलें कीं, तें विशेषनाम पूर्वींच दुसऱ्या एका पक्ष्यास दिलें गेलें होतें, आणि शास्त्राच्या नियमानें एकाच कुळांत एक नांव दोघांस चालत नाहीं. एकत्र कुटुंबांत दोन नारायण निपजले म्हणजे एकास नाना व दुसऱ्यास बापू म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून १९०५ सालीं ओबरहोल्सर या अमेरिकन पंडितानें त्यास ओरिनस हें नांव दिलें. नांव मिळालें, परंतु पक्षी कोठें? दुसरा म्हणून कोणाच्या हातीं लागेना. सबंध जातीस पुरावा एकच, तोही मेलेला. कित्येकांनीं म्हटलें, ही स्वतंत्र जात नव्हेच. तो बडबड्या स्टेंटोरियसचाच एखादा ठेंगणा नमुना असावा.

येथें आम्हांस तर्कशास्त्राचे जुने पाठ आठवतात. कोणत्याही वस्तूचें लक्षण सांगतांना तीन दोष टाळावे लागतात: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाईचें लक्षण ‘तांबूस रंग’ म्हटलें तर पांढरी गाय सुटते. ‘शिंगें असणें’ म्हटलें तर म्हैस आंत येते. ‘एकच खूर’ म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं. म्हणून गळ्याखालची पोळी हें लक्षण. आतां हीच कसोटी या दोन पाखरांस लावून पाहावी. ‘मातकट रंग व बिनठिपक्याचें अंग’ म्हटलें तर निम्मे वटवटे आंत येतात, ही अतिव्याप्ति. ‘लांब चोंच’ म्हटलें तर स्टेंटोरियस आंत शिरतो. हीही अतिव्याप्ति, आणि पंडितांचा घोटाळा नेमका येथेंच झाला होता. ‘बोरूंत राहणारा’ हें लक्षण ब्लिथच्या पक्ष्यास निदान आपल्या बागांत लावूं गेलें, तर तें जवळजवळ असंभवांत जमा होतें.

मग भेद कशांत आहे? दोघांस शेजारीं ठेवून मोजपट्टी घेतली म्हणजे कांहीं गोष्टी दिसूं लागतात. ओरिनसची चोंच ब्लिथच्या पक्ष्याहून लांब व रुंद. फरक मिलिमीटरांत मोजण्याचा. पंख अधिक आंखूड व गोलसर. पायाचीं नखें, विशेषतः मागल्या बोटाचें, अधिक लांब. शेपटीचीं पिसें टोंकाशीं अधिक निमुळतीं, भाल्याच्या पात्यासारखीं. यांतील एकेक लक्षण घेतलें तर संशय राहतो. सर्व मिळून घेतलीं तर संशय कमी होतो. झाडावर बसलेल्या पक्ष्याचें मागचें नख दुर्बिणींतून कोण मोजणार! अक्षर-सुधारणेच्या तासाला आम्ही मुलांस घ आणि ध यांतील भेद दाखवीत असूं. डोक्यावरच्या एका रेघेवर शब्दाचा अर्थ फिरतो. येथें ती रेघ पिसांच्या टोंकांवर होती.

२००२ सालीं स्टाफन बेन्श व डेव्हिड पियर्सन या दोघा अभ्यासकांनीं ह्यूम यांच्या त्या एकुलत्या नमुन्याची आनुवंशिक परीक्षा केली. शरीराच्या प्रत्येक पेशींत डी.एन.ए. नांवाचा जो वंशलेख असतो, त्याचा एक भाग त्यांनीं १३५ वर्षांच्या वाळलेल्या कातड्यांतून वाचला, आणि तो इतर बोरू वटवट्यांच्या लेखांशीं ताडून पाहिला. निकाल स्पष्ट निघाला. ओरिनस ही स्वतंत्र जात. बडबड्याशीं तिचें जवळचें नातें नाहीं. तिचा सर्वांत निकटचा भाऊबंद म्हणजे आपल्या कुंपणांतला ब्लिथचा पक्षी. रूपाच्या एका खुणेवरून कोणी एका घराण्यांत नेऊन बसविलें होतें, आणि वंशावळ उघडली तेव्हां घर दुसरेंच निघालें.

यानंतर चार वर्षांनीं, २७ मार्च २००६ रोजीं, सयामांत, म्हणजे हल्लींच्या थायलंडांत, बँकॉकच्या नैर्ऋत्येस समुद्राकांठीं लॅम फाक बिया नांवाच्या ठिकाणीं फिलिप राउंड हे पक्ष्यांच्या पायांत कडीं अडकविण्याचें काम करीत होते. स्थळ रमणीय म्हणावें असें नाहीं. सांडपाणी शुद्ध करण्याचें तें केंद्र आहे. जाळ्यांत एक मातकट वटवटा आला. चोंच जास्त लांब, पंख जास्त आंखूड. राउंड यांनीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं, दोन पिसें काढून घेतलीं आणि पक्ष्यास सोडून दिलें. तीं पिसें स्वीडनमधील लुंड येथें बेन्श यांजकडे गेलीं, आणि ह्यूम यांच्या पक्ष्याच्या वंशलेखाशीं तंतोतंत जुळलीं. १३९ वर्षांनीं जिवंत ओरिनस माणसाच्या हातांत आला होता! ‘पर्वतावरचा’ हें नांव धारण करणारा तो समुद्राच्या कांठीं भेटला; अव्याप्तीचें याहून ठळक उदाहरण आम्हीं वर्गांतही कधीं दिलें नसेल.

पुढची गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ट्रिंगच्याच संग्रहालयांत दुसरा एक ओरिनस आढळला. तो १८६९ सालीं, म्हणजे ह्यूम यांच्या पक्ष्यानंतर दोनच वर्षांनीं, आजच्या उत्तर प्रदेशांत मिळालेला होता, आणि इतकीं वर्षें ब्लिथच्या पक्ष्यांच्या कप्प्यांत, ब्लिथच्या नांवाची चिठ्ठी पायाला बांधून पडून होता. मग लार्स स्वेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या संग्रहालयांतील कप्पे बारकाईनें तपासले, आणि २००८ सालीं आणखी दहा नमुने प्रसिद्ध केले. ज्या जातीचा जगांत एकच पुरावा आहे असें पंडित सांगत होते, तिचे बारा नमुने माणसाच्या संग्रहीं होते. ते परके समजून बाजूस टाकलेले नव्हते. अतिपरिचित समजून आंत ठेवलेले होते. संग्रहालयांत शेंकड्यांनीं ब्लिथचे पक्षी असतांना आणखी एका ब्लिथच्या पक्ष्याकडे दुसऱ्यांदा कोण पाहतो?

या पिसांबरोबर मिळालेल्या चिठ्ठ्यांवरून पक्ष्याचें माहेर मध्य आशियांत असावें असा अंदाज बांधतां आला, आणि योगायोगानें त्याच सुमारास तें सांपडलेंही. अफगाणिस्तानच्या ईशान्येस बदख्शान प्रांतांत वाखान नांवाची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूस पामीर, दुसऱ्या बाजूस हिंदुकुश. २००८ सालीं रॉबर्ट टिमिन्स तेथें वन्य प्राण्यांची पाहणी करीत असतां नदीकांठच्या झुडपांतून एका वटवट्याचें गाणें त्यांनीं ऐकिलें व तें ध्वनिमुद्रित केलें. आधीं त्यांनींही तो ब्लिथचाच समजला. मग ट्रिंगला जाऊन कातडीं पाहिलीं, तेव्हां रंगाचा मेळ बसेना; तें गाणें ओरिनसचें असावें हें स्वेन्सन यांच्या ध्यानांत आलें. पुढल्या वर्षीं अफगाण सहकाऱ्यांसह मंडळी पुन्हां तेथें गेली, मुद्रित गाणें वाजवून पक्ष्यांस जवळ बोलाविलें, जाळीं लाविलीं, आणि सुमारें वीस पक्षी हातीं आले. परीक्षेंत ते ओरिनस ठरले. पंज नदीच्या पैलतीरावर ताजिकिस्तानांतही ते घरटीं करतात असें नंतर आढळलें.

म्हणजे रामपूरला जो पक्षी ह्यूम यांच्या गोळीस बळी पडला, तो तेथील रहिवासी नव्हता. तो बहुधा पामीरच्या बाजूनें दक्षिणेकडे निघालेला वाटसरू होता. लवीच्या पेठेस येणाऱ्या व्यापाऱ्यांसारखा डोंगर ओलांडून आलेला. म्हणून आम्ही रामपूरच्या नदीकांठीं दोन सकाळीं हिंडलों त्या पक्ष्याच्या आशेनें नव्हे. कांठावर वाळू, गोटे, मधून मधून खुरट्या झुडपांची रांग. त्यांत वल्गुली, बुलबुल, एक निळी कस्तुरिका. पाण्यांतल्या खडकावर पांढऱ्या टोपीचा थरथरा शेपूट हलवीत बसलेला. पुतण्यानें दुर्बिणींतून सारें नीट पाहिलें. खालीं पेठेंत ढोल वाजत होता. एवढ्या अवाढव्य डोंगरांतून तोळाभर वजनाचा जीव वाट काढतो, आणि एका सकाळीं एका विशिष्ट झुडपावर विसांवतो. तें झुडूप कोणतें, हें आतां कोण सांगणार!

वाखानमध्यें त्याचें घर नदीकांठच्या विलो व तत्सम झुडपांत आहे. त्या उंच, थंड मुलुखांत झाडें जवळजवळ नाहींत; चूल पेटवावयाची तर तेथील माणसास तींच झुडपें तोडावीं लागतात, आणि शेळ्या-मेंढ्याही तींच खातात. माणसास दोष देण्याचें धारिष्ट आम्हांस होत नाहीं. बर्फांत ज्याच्या घरीं मूल कुडकुडतें, त्यास पाखराचें कौतुक सांगणें शोभत नाहीं. २०१४ सालीं वाखान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. परंतु कागदावरील सीमारेषेनें चूल पेटत नाहीं. सरपणाची दुसरी सोय होईल तितक्याच प्रमाणांत तीं झुडपें राहतील.

वाचकांपैकीं ज्यांच्या घराभोंवतीं अजून हिरवें कुंपण आहे, त्यांनीं भाद्रपदापासून कान देऊन पाहावें. ‘चक्’ असा आवाज आला तर तो बहुतेक ब्लिथचाच पाहुणा समजावा. संशय आला तरी त्यास पकडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें विनापरवाना करतां येत नाहीं, आणि नख मोजण्याचें काम जाणत्यांचें आहे. आम्ही पंचांगाच्या कडेला त्याच्या आगमनाची तिथि टिपून ठेवतों. घरांतील लहान मुलांस हा आवाज आधीं ऐकूं येतो. आमचे कान आतां तितके तीक्ष्ण राहिलेले नाहींत. आमची नात यंदां धांवत येऊन म्हणाली, “आजोबा, तुमचा तो चक्चक् आला!”

हें कुंपण राहील कीं नाहीं हा मात्र आमच्या घरांत वर्षभर चाललेला वाद आहे. चिरंजीवांचें म्हणणें, सिमेंटची भिंत घालावी. गुरें शिरणार नाहींत आणि दर पावसाळ्यांत छाटणीस गडी शोधावा लागणार नाहीं. सूनबाईंचें म्हणणें, जाळींत साप येतात आणि मुलें तेथेंच खेळतात. दोन्ही म्हणणीं खोटीं नाहींत. आम्हीं ह्यूम, ब्लिथ, वाखान सारें सांगून पाहिलें, सूनबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मामंजी, पण त्याला नेमकी केवढी जागा लागते?” शेवटीं असें ठरलें कीं, रस्त्याकडची व गोठ्याकडची बाजू बांधून काढावी, आणि मागें ओढ्याच्या अंगाला अडुळशाची जी वीस हात जाळी आहे तिला हात लावूं नये, तेथें मुलांनीं जाऊं नये म्हणून मध्यें तारेची जाळी ठोकावी. गवंडी दिवाळीनंतर यावयाचा आहे.